टीसीईच्या वाफा: भेगा बुजवाव्यात की फरशीखालून हवा ओढावी?

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू किंवा सनीव्हेलला घर घेताना कागदपत्रांत 'टीसीई' दिसलं की दलाल हमखास सांगतो, 'इथे सगळीकडेच आहे हो.' अगदीच खोटं नाही. ही शहरं ज्या सांता क्लारा काउंटीत येतात, तिथे २३ सुपरफंड जागा (साफसफाईसाठी केंद्र सरकारच्या यादीतल्या प्रदूषित जागा) आहेत, अमेरिकेत कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. चिपच्या कारखान्यांतलं ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई, ग्रीस काढायचं रसायन) जमिनीत झिरपलं, भूजलात मिसळलं आणि त्याची वाफ आता भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरते. नळाचं पाणी स्वच्छ असलं तरी हा धोका उरतोच.

आधी चाचणी. फक्त घरातली हवा तपासली तर गॅरेजमधला ग्रीस काढायचा स्प्रेसुद्धा आकडा फुगवतो. फक्त फरशीखालची तपासली तर आत किती पोचतंय ते कळत नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी घ्या. प्राथमिक छाननीत ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) फरशीखालच्या प्रमाणाचा ०.०३ पट भाग आत येतो असं धरते: खाली घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, तर आत ३. घरातल्या टीसीईचा आकडा २ च्या वर गेला की कॅलिफोर्नियात ईपीए लवकर पावलं उचलायला सांगते, कारण थोड्या दिवसांच्या संपर्कातही गर्भाच्या हृदयाला धोका संभवतो. घरात कुणी गरोदर असेल तर 'पुढच्या महिन्यात बघू' चालणार नाही.

कॅनिस्टर (हवा भरून घेणारा धातूचा डबा) २४ तासांचा नमुना घेतो, पॅसिव्ह सॅम्पलर (पंपाशिवाय वाफ शोषणारं छोटं उपकरण) आठवडाभर किंवा जास्तही ठेवता येतो. प्रमाण रोज बदलतं, त्यामुळे मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो. हिवाळ्यात हीटर चालू असताना घर जमिनीतली हवा जास्त ओढतं. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून आलेल्या निकालावर घर घेऊ नका.

आता उपाय. भेगा बुजवणं स्वस्त, पण एकट्यानं पुरत नाही. दिसणारी भेग बुजते, न दिसणारी राहते. हेपा फिल्टर धुळीचे कण अडवतो, वाफेपुढे निरुपयोगी. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा प्युरिफायर चालतो, तोही तात्पुरता. ऑफिसमध्ये एसी यंत्रणेनं आतला दाब वाढवून वाफ बाहेर रोखता येते, घरात ते टिकवणं अवघड.

राहत्या घराला माझं मत फरशीखालच्या पंख्याला. स्लॅबला भोक पाडून पाइप बसवतात आणि पंखा खालची हवा ओढून छपरावर सोडतो. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठी हीच पद्धत वापरतात. स्लॅबऐवजी क्रॉलस्पेस (घराखालची बुटकी मोकळी जागा) असेल तर मातीवर जाड प्लास्टिक अंथरून त्याखालून ओढतात. पाइपवर रंगीत द्रवाची यू-आकाराची नळी असते. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा ओढत नाहीये. पंखा बारा महिने चालू हवा. तो जमीन स्वच्छ करत नाही. त्यासाठी मातीतली वाफ उपसण्याची वेगळी यंत्रणा लागते, आणि ते काम एका घरमालकाच्या आवाक्यातलं नाही.

घरात यंत्रणा आधीच असेल तर ती बसवल्यानंतरच्या चाचणीचा अहवाल मागा. नसेल, तर खर्च प्रदूषण करणाऱ्या कंपनीकडून होतो का, हे सही करण्यापूर्वी ईपीएच्या त्या जागेच्या प्रकल्प व्यवस्थापकाला विचारा.