ईएन ८ ब्राइट बार: शाफ्टला चांगला, पण ताण काढूनच

शाफ्ट, पिन किंवा स्टडला माइल्ड स्टील कमी पडू लागलं की पहिलं नाव निघतं ते ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचं. कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, मँगनीज ०.६ ते १ टक्का. क्रोम-मॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम) मुद्दाम घातलेलं नाही. म्हणून तो स्वस्त पडतो, आणि म्हणूनच जाड जॉबमध्ये उणा ठरतो.

मशिनिंगला माल उत्तम. कार्बाइड इन्सर्टवर फिनिश छान येतं, आटे पाडताना टॅपही सहसा अडत नाही. ब्राइट बार डायमधून थंड ओढलेला असल्यामुळे बाहेरचं माप तयारच मिळतं. पण थंड ओढताना पोटात ताण साठतो. लांब शाफ्टला एकाच बाजूनं की-वे (चावी बसवायची खाच) पाडला की तो ताण सुटतो आणि बार धनुष्यासारखा वाकतो. मग प्रेसवर सरळ करत बसण्यापेक्षा आधीच ५०० ते ५५० अंश सेल्सिअसवर स्ट्रेस रिलिव्हिंग (तापवून ताण काढणं) करावं: दर २५ मिमी जाडीला एक तास, आणि भट्टीतच थंड होऊ द्यायचं.

दुसरी खोट चटकन दिसत नाही. गरम रोलिंगमध्ये वरच्या थरातला कार्बन जळतो. ड्रॉइंगनं तो थर निघत नाही, नुसता चकचकीत होतो. त्यावर थेट इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलनं फक्त पृष्ठभाग तापवून कडक करणं) केलं तर वरची कातडी मऊच राहते आणि दोष विनाकारण हीट ट्रीटमेंटवाल्याच्या माथी बसतो. हार्डनिंग करायचं असेल तर पील्ड बार (वरचा थर सोलून काढलेला) घ्या, नाहीतर ओढलेल्या बारवर टर्निंग अलाउन्स, म्हणजे लेथवर काढून टाकायला जादा जाडी, ठेवा. थर निघाल्यावर इंडक्शननं पृष्ठभाग ५० एचआरसीच्या (रॉकवेल सी या कडकपणाच्या मापाच्या) वर आरामात जातो.

पूर्ण हार्डनिंग ८३० ते ८६० अंशांवरून तेलात, टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) ५५० ते ६६०वर. पाण्यात बुडवलं तर आट्यांच्या मुळाशी आणि की-वेच्या धारदार कोपऱ्यात तडे जाण्याची भीती. कोपऱ्याला रेडियस द्याच. साधारण ६३ मिमीच्या पुढे गाभ्यापर्यंत ताकद पोहोचत नाही. तिथे ईएन १९ किंवा ईएन २४ ही मिश्र पोलादं घ्या, ईएन ८वर प्रयोग नकोत.

वेल्डिंग जमतं, पण प्रीहीट आणि भट्टीत सुकवलेला लो-हायड्रोजन रॉड हवाच. नाहीतर जोड त्या दिवशी ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कडेनं फुटतो.

माल उतरवताना सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाणीचा क्रमांक) बारवरच्या पंचिंगशी जुळवा. वजनाला सूत्र सोपं: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ४० मिमीचा बार मीटरला सुमारे ९.९ किलो.