साठ दिवसांचं म्हणून विकलेलं साडेतीन महिन्यांचं पिल्लू

ठाणे किंवा नवी मुंबईत जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, लॅब्रॅडॉर असं मोठ्या जातीचं पिल्लू शोधत असाल, तर आधी हे वाचा आणि मगच पैसे द्या. आमचे 54 हजार 500 रुपये गेले. पण त्याहून जास्त संताप याचा आहे की, विकणाऱ्याच्या एका खोट्यामुळे पिल्लाची रेबीजची लस लांबली असती आणि त्याच्या हाडांचंही नुकसान झालं असतं.

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्यात जर्मन शेफर्डची पिल्लं ठेवली होती. जागा स्वच्छ होती, बोलणं गोड होतं. विकणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत पिल्लू काट्यावर ठेवलं. 11 किलो 400 ग्रॅम. "दादा, साठ दिवसांचा आहे फक्त. या वयात बाकीचे सहा-सात किलोचे असतात. पंजे बघा ना याचे!" मग मोबाइलवर वर्षभराच्या वयाला किती किलो भरेल याचा हिशोब करून दाखवला: वजन भागिले वयाचे आठवडे, गुणिले 52. उत्तर 70च्या घरात आलं. "सत्तर सोडा, पन्नास धरून चाला," असं म्हणून स्वतःच आकडा खाली आणला, म्हणजे माणूस प्रामाणिक वाटावा. 'हेवी बोन' म्हणून पिल्लाचे 38 हजार, कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप आणि केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडिया) नोंदणीच्या कागदांचे 10 हजार, 'ग्रोथ किट'चे साडेसहा हजार. जन्मतारीख आम्ही पावतीवर लिहून मागितली, ती त्याने बिनदिक्कत लिहून दिली.

काटा खरा होता. घरी ऐरोलीला आल्यावर केलेलं वजनही तेवढंच भरलं. खोटं होतं ते वय, आणि सगळी मेख तिथेच आहे. नुसत्या वजनावरून काहीच कळत नाही. अमुक वयाला अमुक वजन, एवढीच गोष्ट पुढचा अंदाज बांधायला उपयोगी पडते. वय दीड महिना कमी सांगितलं की सर्वसाधारण पिल्लूही त्या वयाला दांडगं दिसतं. यात विकणाऱ्याचा दुहेरी फायदा. गिऱ्हाइकाला दोन महिन्यांचं पिल्लू हवं असतं, तीन महिने उलटलेल्याचा भाव पडतो. वय खोडून कमी केलं की न विकलेलं पिल्लू पुन्हा ताजं होतं, वर जास्त किमतीला जातं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे 'साठ दिवस' हा आकडा कायद्यातही नेमका बसतो.

चोरी उघडी पडली ती दातांमुळे. पिल्लू आल्यावर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी ओठ वर करून दाखवला. पुढचे दोन सुईसारखे दुधाचे दात पडलेले होते आणि त्या जागी हिरडीतून रुंद, पांढरा, कंगोरेदार पक्का दात वर येत होता. साठ-पासष्ट दिवसांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे दात भरलेले असतात. पुढचे दात पडायला साधारण साडेतीन महिन्यांच्या आसपास सुरुवात होते. "हे पिल्लू साडेतीन महिन्यांच्या खाली नाही," मॅडम म्हणाल्या. त्या वयाच्या जर्मन शेफर्ड नराला साडेअकरा किलो म्हणजे काही जास्त वजन नाही. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकानुसार या जातीचा नर 30 ते 40 किलोचा असतो. पन्नास किलोचं आमिष दाखवणारा एक तर खोटं बोलतोय किंवा लठ्ठ कुत्रा विकतोय.

मग लसीचं कार्ड काढलं. दोन लसींच्या तारखांमध्ये तीन आठवड्यांचं अंतर, पण पेन तेच, शाई तीच, आणि कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर एकाही रकान्यात नाही. डॉक्टरचा नोंदणी क्रमांकही नाही. रेबीजची पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. पावतीवरच्या तारखेने गेलो असतो तर ती अजून महिनाभर पडून राहिली असती, आणि आमच्या सेक्टरमध्ये भटकी कुत्री गेटपाशीच असतात. मॅडमनी लसी पहिल्यापासून सुरू केल्या. स्कॅनर मानेवरून, खांद्यावरून फिरवला, चिप कुठेच सापडली नाही.

'ग्रोथ किट'मध्ये कॅल्शियमची पावडर आणि एक सिरप होतं. हे मला सर्वांत धोकादायक वाटतं, कारण लोक ते प्रेमाने देतात. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं. मोठ्या जातीत त्याने हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियम घालायचंच नाही. वजन भराभर वाढवणंही चुकीचं, कारण खुब्याच्या सांध्याचा त्रास असलेल्या जातींमध्ये जाडेपणा तो वाढवतो. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत.

आता दर रविवारी वाघ्याचं, म्हणजे आमच्या पिल्लाचं, वजन करतो. मी त्याला उचलून काट्यावर उभा राहतो आणि त्यातून माझं वजन वजा करतो. वॉलथम या पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते मॅडमनी दिलेत. नर-मादी वेगळे, बाराव्या आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंत. पिल्लू ज्या रेषेवर असेल त्याच रेषेच्या आसपास वाढत राहिलं की ठीक, सारखी रेष ओलांडू लागलं की डॉक्टरांना दाखवायचं. हे तक्ते प्रौढपणी 40 किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्र्यांसाठी आहेत, त्यामुळे ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डच्या पिल्लासोबत कुणी असा तक्ता पुढे केला तर सावध व्हा. खऱ्या वयाने खुणा केल्यावर वाघ्या तक्त्यातल्या रेषांमध्ये बसतो. पावतीवरच्या वयाने पहिला ठिपका तक्त्यावर येतच नाही, कारण तक्ता सुरू होतो बाराव्या आठवड्याला.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, कुत्र्याचा जन्मदाखला असतो का कधी?" केसीआयकडे नोंदलेल्या पिल्लांच्या कागदावर जन्मतारीख असते, हे मी सांगितल्यावर कागद 'प्रोसेसमध्ये' असल्याचं ऐकवलं आणि नंबर ब्लॉक केला. नियमांप्रमाणे ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. तो क्रमांक आम्ही मागितला होता, तेव्हा त्याने भिंतीवर फ्रेम केलेला एक कागद लांबून दाखवला होता. तुम्ही जवळ जाऊन वाचा, फोटो काढा. पिल्लाचा ओठ उचलून दात बघा, आई समोर आणायला सांगा, आणि पैसे देण्याआधी तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे तपासणी होऊ द्या. 'आज नाही घेतलं तर दुसरी पार्टी तयार आहे' म्हणणाऱ्याला ती पार्टी लखलाभ.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, निकाल यायचाय. ब्लॉक करण्याआधी त्याने व्हॉट्सॲपवरचे मेसेज 'सर्वांसाठी' पुसून टाकले. 'साठ दिवस, पन्नास किलो गॅरंटी' या मेसेजचा स्क्रीनशॉट बायकोने पिल्लू घेतलं त्याच संध्याकाळी काढून ठेवला होता. यूपीआयची पावती, जन्मतारीख लिहिलेलं बिल, मॅडमनी दातांवरून दिलेला वयाचा दाखला आणि तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलाय. याच माणसाकडून पिल्लू घेतलेलं आणखी कुणी असेल, तर आधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच त्याला फोन करा.