इशिहारा ३८ पानी: चाळणीला पक्कं, प्रतवारीला कच्चं

रंगांधता तपासायला डोळ्यांच्या दवाखान्यात ठिपक्यांतले आकडे वाचायला लावतात ते हे पुस्तक. शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९१७ साली ते काढलं. ३८, २४ आणि १४ पानांच्या आवृत्त्या मिळतात. शाळेतल्या तपासणीला २४ पानी पुरते. दाखला द्यायचा असेल तर ३८ पानीच घ्या.

वापरायचं असं: खिडकीतला दिवसाचा उजेड हवा, थेट ऊन नको. पिवळ्या बल्बखाली हिरवा रंग ओळखण्यात कच्चे असलेले काही जण जास्त पानं वाचून जातात. पुस्तक ७५ सेंटीमीटरवर, नजरेशी काटकोनात धरा. नंबरचा चष्मा राहू द्या, रंगीत काचा उतरवा. एका पानाला ३ सेकंद. रेटून विचार करून सांगितलेलं उत्तर धरायचं नाही. क्रम बदलून दाखवा, कारण आकडे पाठ करून येणारे कमी नाहीत.

पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो. तोच चुकला, तर आधी नजर तपासा, नाहीतर समोरचा सोंग करतोय. दुसऱ्या पानावर ८ असतो, रंगांधाला तिथे ३ दिसतो. १८ ते २१ ही पानं उलटी आहेत: निरोगी डोळ्याला तिथे आकडा लागत नाही, बरेच रंगांध मात्र ५, २, ४५, ७३ वाचतात. पहिल्या २१ पैकी १७ किंवा जास्त बरोबर असतील तर दृष्टी ठीक, १३ किंवा कमी असतील तर दोष. मधले १४ ते १६ क्वचितच येतात. तेव्हा दुसरी चाचणी करा. पुढे २२व्या पानावर २६ आहे. फक्त ६ वाचणाऱ्याचा दोष लाल बाजूचा, फक्त २ वाचणाऱ्याचा हिरव्या बाजूचा. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी शेवटची वळणाच्या रेघांची पानं आहेत. ती कोरड्या ब्रशने गिरवून घ्या. बोटाच्या घामाने शाईचा रंग बदलतो.

आता उणीव. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी म्हणजे शंकुपेशी. त्यांतल्या लाल आणि हिरव्या पेशींच्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्राच्या टोकाला एकामागोमाग एक बसलेली आहेत, आणि दोघांत जवळपास ९८ टक्के साम्य आहे. त्यामुळे आईकडे बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीत त्यांची जोडी कधीकधी चुकते. एखादं जनुक गळतं, किंवा दोघांचं मिळून एक संकर जनुक बनतं. गळालं तर त्या जातीची शंकुपेशी कामाची उरत नाही. संकर झालं तर दुसरी जात असते, पण तिची संवेदनशीलता पहिलीच्या इतकी जवळ सरकते की मेंदूला फरक काढायला फारसं काही राहत नाही. एकाचा दोष पूर्ण, दुसऱ्याचा कदाचित किरकोळ. हे पुस्तक बहुधा दोघांनाही त्याच पानांवर अडवतं. दोष किती, हे अ‍ॅनोमॅलोस्कोप हे यंत्र सांगतं: त्यात ५४५ आणि ६७० नॅनोमीटरचा प्रकाश मिसळून ५८९चा पिवळा जुळवायचा असतो.

हे आपल्याकडे महत्त्वाचं, कारण २०२०पासून सौम्य ते मध्यम रंगांधता असलेल्यांनाही वाहनपरवाना मिळू शकतो. नुसतं ‘इशिहारात नापास’ लिहून त्या माणसाचं काम अडवणं म्हणजे ताप आहे म्हणून टायफॉइड ठरवणं.

पेशींची संख्या मात्र या पुस्तकाला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. निरोगी माणसांत लाल-हिरव्या शंकुपेशींचं प्रमाण कुणात १:१, तर कुणात १६:१ पर्यंत मोजलं गेलंय, तरी दोघं सगळी पानं वाचतात. आईने सगळी पानं वाचली म्हणून ती वाहक नाही असंही नाही: तिच्या दोन एक्सपैकी एक चांगला असेल तर पुरतं. आईचे वडील रंगांध असतील, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला रंगांधतेची निम्मी शक्यता राहते.

निळ्या पेशीचं जनुक सातव्या गुणसूत्रावर, तो दोष इथे सापडत नाही. काचबिंदू किंवा मधुमेहात बऱ्याचदा निळ्या-पिवळ्याची गडबड आधी होते. अशा रुग्णाला हार्डी-रँड-रिटलर या दुसऱ्या रंगचाचणीची पानं दाखवा.

विकत घेताना स्वस्त पुनर्मुद्रणापासून सावध. निरोगी डोळ्याच्या दोघा-तिघांना १८ ते २१ पानं दाखवा. आकडे सहज वाचले, तर शाई चुकली आहे, परत करा. मोबाइलवरची आवृत्ती तर दाखल्यासाठी धरूच नका, प्रत्येक स्क्रीनचा रंग निराळा. चांगली प्रत वापर झाल्यावर मिटून, अंधारात ठेवा. उघडी टेबलावर पडून राहिली की रंग उडतात, आणि मग नापास पेशंट होतो, पुस्तक नाही.