साडेतीन वर्षांच्या मुलाचा मोडलेला जबडा: शासकीय दंत रुग्णालयातील उपचारांबद्दल

जिन्यावरून पडून आमच्या भाच्याचा खालचा जबडा हनुवटीलगत मोडला आणि त्याच्यावर एका शासकीय दंत महाविद्यालयाच्या मुखशल्यचिकित्सा विभागात उपचार झाले. इतक्या लहान वयाच्या रुग्णासाठी मी या विभागाची शिफारस निःशंकपणे करेन, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे तेथे घाईने हाडाला स्क्रूने जोडायची धातूची प्लेट बसवली गेली नाही.

या वयात जबड्याच्या हाडात दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे अंकुर दाटीवाटीने असतात. स्क्रू त्यांच्यात शिरला तर पुढे तो दात वाकडा येऊ शकतो किंवा येतच नाही, हे तेथील प्राध्यापिकांनी सीटी स्कॅनवर एकेक अंकुर दाखवून आई-वडिलांना समजावले. दुधाचे दात आखूड व निमुळते असल्यामुळे मोठ्या माणसांप्रमाणे दातांना तारा बांधणेही भरवशाचे नसते. म्हणून त्यांनी गुंगी देऊन दातांचे माप घेतले, प्लास्टरचा नमुना मोडलेल्या रेषेवर कापला, वरच्या दातांशी चावा जुळवून पुन्हा जोडला आणि त्यावर ॲक्रिलिकचे (कडक प्लास्टिकचे) स्प्लिंट, म्हणजे खालच्या दातांवर बसणारे आधाराचे आवरण, घडवले. नंतर पूर्ण भूल देऊन हे स्प्लिंट जबड्याभोवती घेतलेल्या तारांनी आवळले. बाहेरून दिसत होती ती हनुवटीखालची टोचल्याची बारीक खूण तेवढी. वरचा व खालचा जबडा एकमेकांना बांधलेला नसल्याने मुलाला पेज, वरण, दूध नीट घेता येत होते. मुलांचे हाड लवकर जुळते, त्यामुळे असे स्प्लिंट साधारण दोन ते तीन आठवडेच ठेवावे लागते.

हनुवटीवर मार बसला की कानापुढचा सांधाही तपासावा लागतो, कारण तेथील दुर्लक्षित फ्रॅक्चरमुळे सांधा आखडून तोंड उघडेनासे होऊ शकते व चेहऱ्याची वाढ एका बाजूला खुंटू शकते. दोन्ही सांधे पहिल्याच दिवशी तपासले गेले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

उणिवा आहेत. घरी सोडताना दिलेला कागद पूर्ण इंग्रजीत होता, स्प्लिंटच्या कडा कशा स्वच्छ ठेवायच्या हे परिचारिकेला आपणहून विचारावे लागले, आणि फेरतपासणीच्या रांगेत तान्ह्या-लहानग्यांसाठी वेगळी सोय नाही. कायमचे दात येईपर्यंत तपासण्या चालू राहणार असल्याने केसपेपर आणि सीटी स्कॅनची सीडी पालकांनी स्वतःजवळ जपून ठेवावी; दर वेळी डॉक्टर तेच असतील असे नाही.