मेंदूने चालणारी व्हीलचेअर की हनुवटीने?

विहिरीत सूर मारताना आमच्या दादाची, म्हणजे आतेभावाची, मान मोडली. खांद्याखाली काही हलत नाही. मान मात्र वळते, खांदे थोडे उडतात आणि आवाज असा की आमच्या साताऱ्यात समर्थ मंदिरापाशी हाक मारली तर राजवाड्यावर ऐकू जावी. डोक्यावर टोपी घालून मेंदूने चालवायच्या व्हीलचेअरचा व्हिडिओ पाहिल्यापासून आत्याचा एकच धोशा, "ती टोपी आपल्याला कधी मिळायची गं?" तुमच्या घरीही हाच प्रश्न अडून बसला असेल, तर आमचा हिशेब असा.

आधी टोपी. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेचे चढउतार टिपायचे, म्हणजे ईईजी. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये नोंदवला. कवटीबाहेर हाती लागतात ते फक्त काही मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग हे त्याचं माप. ओळखीची इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टची टोपी घेऊन घरी आली, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. पाहुणे येणार म्हणून आत्याने सकाळीच दादाच्या डोक्याला खोबरेल चोपडलेलं! सिग्नलच येईना. डोकं धुतलं, जेल लावलं, अर्धा तास गेला. मग रेघ दिसू लागली, पण दादाने पापणी लववली की तिचा डोंगर व्हायचा. तोंडात शेंगदाणे टाकल्यावर तर सगळ्या रेघांचा गुंता. जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते. घरातल्या लाइटची ५० हर्ट्झची गुणगुण गाळायची ती वेगळीच.

एवढं करून टोपीला हुकूम द्यायचा कसा? स्क्रीनवर वेगवेगळ्या वेगाने लुकलुकणाऱ्या बाणांपैकी हव्या त्या बाणाकडे पाहायचं, हे लवकर जमतं. पण नजर स्क्रीनवर आणि खुर्ची रस्त्यावर! दुसरी रीत म्हणजे हातपाय हलवल्याची नुसती कल्पना करायची. संशोधक होसे मिलान यांच्या गटाने हातपाय लुळे पडलेल्या तिघांना काही महिने हेच शिकवलं, तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाची अचूकता ३७ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली. एकाची मात्र म्हणावी तशी सुधारलीच नाही. शिवाय अडथळे टाळायला खुर्चीलाही स्वतःचे सेन्सर होते.

९५ टक्के ऐकायला झकास. म्हणजे वीस हुकमांत एक चुकीचा. समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरताना वीस हुकूम सहज होतात, कारण खड्डा चुकवणं हाही हुकूमच. त्या उतारावर मी दादाला ९५ टक्क्यांवर सोडणार नाही.

हनुवटीच्या जॉयस्टिकने दादा दुसऱ्याच दिवशी अंगणात फिरला. मान वळत असेल तर माझं मत सरळ यालाच. खोट आहे, नाही असं नाही: जेवताना दांडी बाजूला करावी लागते आणि खडबडीत रस्त्यावर डोकं हिंदकळलं की खुर्चीही हिसका मारते. त्यासाठी वेग कमी ठेवायचा आणि डोक्याला मागून, बाजूने आधार द्यायचा. मान धरत नसेल पण ओठ घट्ट मिटत असतील तर नळी: जोरात फुंकलं की पुढे, जोरात ओढलं की मागे, हलकं फुंकणं-ओढणं वळायला. लाळ जाते म्हणून नळी रोज धुवायची. नजर टिपणारा कॅमेरा टाइप करायला उत्तम. रस्त्यावर नाही, उन्हात त्याचं इन्फ्रारेड गोंधळतं आणि सातारकरांची नजर ओळखीच्या माणसावर न जाता राहील थोडीच.

मेंदूत बसवायच्या चिपबद्दलही आत्याने विचारलंच. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीची चिप बसवलेले पहिले गृहस्थ नोलंड आर्बॉ विचाराने कर्सर हलवतात, बुद्धिबळ खेळतात. त्यात बारीक धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड आहेत, पण काही आठवड्यांतच बरेच धागे मेंदूतून मागे सरकले होते. सिंक्रॉन या दुसऱ्या कंपनीची जाळी मानेतल्या शिरेतून वर नेतात, कवटी उघडावी लागत नाही, पण इलेक्ट्रोड १६च. हे सगळं अजून चाचण्यांतलं काम. खुर्ची घ्यायच्या निर्णयात ते धरू नका.

मग टोपी कुणासाठी? मोटर न्यूरॉनच्या आजारात, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होतात त्यात, काहींचे शेवटी डोळेही साथ सोडतात, अशांसाठी. तिथेही आधी एकेक स्नायू तपासून बघा. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गालाच्या एका स्नायूने कॉम्प्युटर चालवून वर्षानुवर्षं बोलत होते. आणि टोपी घेतलीच तर आधी बेल, पंखा, लाइट तिला जोडा. पंखा चुकून बंद झाला तर घाम येईल, इतकंच.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला एक गोष्ट विचाराच: या खुर्चीच्या कंट्रोलरला दुसरा जॉयस्टिक किंवा स्विच जोडता येतो का? स्वस्त खुर्च्यांत बरेचदा जॉयस्टिक आणि कंट्रोलर एकाच डब्यात असतात, मोटरच्या वायरी थेट त्यात जातात, मग दुसरं काही जोडायला जागाच उरत नाही. आमची पहिली खुर्ची तशीच निघाली. "सगळं जोडता येतं ताई," असं आधी म्हणालेला माणूस नंतर फोन उचलेना. ती खुर्ची आता आत्याच्या पडवीत आहे, तिच्यावर कुरडया वाळतात.