खो-खोचा सकाळचा वर्ग: पोरींना बिनधास्त पाठवा

शाळा आमच्या सोलापूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. सकाळी सहाचा खो-खोचा वर्ग मुख्याध्यापिका बाई स्वतः घेतात. शाळेत असताना त्या धाराशिवकडे खेळल्या, राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या, मग बी.पी.एड. करून खेळाच्या शिक्षिका झाल्या. माझी धाकटी सातवीत आहे, ती तिथं जाते.

सुरुवातीला बाई पळवत नाहीत, आधी बसायला शिकवतात. मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, आठ जणी एकाआड एक उलट्या तोंडांनी बसतात, पाठलागाला नववी. खो मागूनच द्यायचा, आणि पाठीवर हात आणि तोंडून खो एकदमच. आमची आधी ओरडायची, हात मागाहून. बाई तिच्यापुढं पाठ करून मातीत बसल्या आणि जमेपर्यंत स्वतःच्या पाठीवर खो घेत राहिल्या. पन्नाशीतल्या बाईंचा गुडघा उठताना दुखतो हे दिसतं, पण दुसरीला बसवत नाहीत. हुलकावणी, साखळी, खांबावरची झेप हे सगळं त्यानंतर.

मला खरं मोल वाटतं ते मैदानाबाहेरच्या कामाचं. स्पर्धेला गेल्यामुळं बाईंची स्वतःची प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली होती, तेव्हा कुणी ती पुन्हा घेतली नाही. आज यांच्या शाळेत स्पर्धेमुळं चाचणी बुडाली तर ती आठवड्याच्या आत पुन्हा होते आणि बुडालेला धडा विषय शिक्षकांना जादा तासात घ्यावाच लागतो. मुख्याध्यापिका झाल्यावर मुलींना कपडे बदलायला खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह ही कामं त्यांनी सगळ्यांत आधी केली. आठवीनंतर मैदान सोडणाऱ्या पोरी त्यामुळं थांबल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दहावीच्या वाढीव गुणांपुरतं पोरीला पाठवणाऱ्या पालकांना त्या समोर बसवून सांगतात, की गुण खेळामागून येतील, आधी तिला खेळू द्या.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून वर्गात गर्दी वाढलीय, आणि उणीव तिथंच आहे. बारकी पोरं मोठ्यांच्या वर्गात घेतली जातात, त्यांच्याकडं लक्ष कमी पडतं. त्यांची वेगळी तुकडी हवीच. दुसरं म्हणजे मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि इथं फक्त माती आहे. मातीवर तयार झालेल्या पायांना मॅटवर वळताना अंदाज येत नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून निदान अर्धं मैदान मॅटचं करावं, मी माझा वाटा द्यायला तयार आहे.

फी नाममात्र आहे, अडचण असेल तर बाई तीही मागत नाहीत. सरावानंतर भिजवलेले हरभरे आणि गूळ मिळतो. नाव घालायला पालकांनी स्वतः यावं, बाई पोरीच्या आधी आईबापाशी बोलतात.