नॉन-कॉम्पिटवर सही करण्यापूर्वी घेतलेला वकिली सल्ला : शिवाजीनगर, पुणे

हिंजवडीतील कंपनीत चार वर्षे झाल्यावर एचआरने अचानक नवा करार पुढे ठेवला. नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षे कोणत्याही स्पर्धक कंपनीत काम करायचे नाही, असे त्यात कलम होते, म्हणजेच नॉन-कॉम्पिट, आणि सहीसाठी शुक्रवारपर्यंतची मुदत होती. म्हणून शिवाजीनगर न्यायालयाजवळ बसणाऱ्या, नोकरीविषयक प्रकरणे पाहणाऱ्या एका वकिलांकडे गेलो.

ठरलेल्या वेळेनंतरही पाऊण तास बाहेर बसवले, ही तक्रार आधीच नोंदवतो. आत गेल्यावर मात्र त्यांनी हातात पेन्सिल घेऊन चौदाही पाने वाचली आणि मगच माझे म्हणणे ऐकले. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 27 कोणालाही कायदेशीर व्यवसायापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवते. अपवाद आहे तो धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याचा. मिठाईचे दुकान नावासकट विकणाऱ्याला त्याच भागात पुन्हा तसेच दुकान थाटू नकोस असे बजावता येते, पण पगारदाराने असे काही विकलेलेच नसते, असे त्यांनी समजावले.

मी हुरळून जाण्याआधीच त्यांनी दुसरी बाजूही मांडली. नोकरी चालू असताना अन्यत्र काम न करण्याचे बंधन वैध असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली गोलिकरी प्रकरणात मान्य केले आहे. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अटही त्याच न्यायालयाने 2025 मध्ये उचलून धरली, त्यामुळे असा पैसे भरण्याचा बाँड आणि नॉन-कॉम्पिट यांची गल्लत करू नये. शिवाय कलम रद्दबातल असले, तरी सही नाकारणाऱ्याची नोकरी त्यामुळे आपोआप सुरक्षित होत नाही. नोटीस देऊन कमी करण्याची तरतूद नेमणूकपत्रात आहे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा ते पत्र मी चार वर्षांत उघडलेच नव्हते, हे कबूल करावे लागले.

शेवटी गोपनीयतेची कलमे मान्य, दोन वर्षांचे कलम वगळावे, अशा अर्थाचा ईमेल त्यांनी तयार करून दिला. सल्ल्याचे 2,000 रुपये रास्त वाटले. मसुद्याचे 1,000 वेगळे पडतील, हे आधी सांगायला हवे होते. शुक्रवार उलटला, एचआरचे उत्तर अद्याप नाही, आणि पगार नेहमीच्या तारखेला जमा झाला.